सिझेरियननंतरचे जुळे : बाळंतपणाचे नियोजन आणि रक्तस्रावाचा धोका

बाळंतपण घरी न होता रुग्णालयात व्हावे, ही आरोग्य यंत्रणेची अनेक वर्षांची खटपट महाराष्ट्रात बव्हंशी सफल झाली आहे. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातील सुमारे ९५ टक्के प्रसूती आरोग्यसंस्थांत झाल्या. २०१८-२० या काळात राज्यातील मातामृत्यूंचे प्रमाण एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते. त्याच काळात देशाचे प्रमाण ९७ होते. या यशाबरोबर एक नवा प्रश्नही पुढे आला आहे. त्याच पाहणीनुसार राज्यातील सिझेरियन शस्त्रक्रियांचे प्रमाण २०.१ टक्क्यांवरून २५.४ टक्क्यांवर गेले. म्हणजे दर चार बाळंतपणांपैकी एक शस्त्रक्रियेने होते, आणि त्या मातेच्या गर्भाशयावर कायमचा व्रण राहतो. पुढच्या खेपेला हा व्रण घेऊनच ती प्रसूतीस सामोरी जाते.

अशा मातेच्या पोटी दुसऱ्या खेपेला जुळे असेल, तर जुना व्रण आणि जुळ्यांचा भार हे दोन धोके एकत्र येतात. नैसर्गिकरीत्या साधारणपणे ऐंशी ते नव्वद गर्भारपणांत एक जुळे आढळते; वंध्यत्वावरील उपचारांनंतर हे प्रमाण अधिक असते. संख्येने अशा माता थोड्या असल्या तरी बाळंतपणातील अतिरक्तस्रावाची शक्यता त्यांच्या बाबतीत पुष्कळ वाढलेली असते. मात्र हा धोका अवचित येणारा नाही. तो कित्येक महिने आधी ओळखता येतो आणि म्हणूनच त्याची तयारीही आधी करता येते.

रक्तस्राव का होतो?

दिवस भरत आले असता गर्भाशयाकडे दर मिनिटाला सुमारे अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त वाहत असते. बाळ जन्मल्यावर वार सुटते आणि ती जेथे चिकटलेली होती तेथील रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. ती बंद करण्याची निसर्गाची युक्ती साधी आहे. गर्भाशयाचे स्नायू घट्ट आवळले जातात आणि त्यांच्या जाळीतून जाणाऱ्या रक्तवाहिन्या चिमटीत धरल्याप्रमाणे बंद होतात. हे आकुंचन झाले नाही किंवा सैल पडले, तर रक्त थांबत नाही. बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावाचे हे सर्वांत मोठे कारण होय.

जुळ्यांच्या गर्भारपणात गर्भाशय मर्यादेपलीकडे ताणलेले असते. दोन बाळे, दुप्पट गर्भजल आणि वारेचा मोठा विस्तार यांमुळे थकलेले स्नायू प्रसूतीनंतर पूर्ण जोराने आवळले जात नाहीत. त्यातच वारेची जखमही मोठी असते. त्यामुळे जुळ्यांच्या प्रसूतीत सरासरी रक्तस्राव एका बाळाच्या प्रसूतीच्या जवळजवळ दुप्पट होतो. त्यात जुन्या व्रणाची भर पडली की आणखी दोन संभव निर्माण होतात. कळांच्या जोराने व्रण उसवून गर्भाशय फाटणे हा पहिला. वार नेमकी व्रणावर रुजून तेथेच घट्ट चिकटून बसणे हा दुसरा. पुन्हा शस्त्रक्रिया करावयाची झाली, तर पहिल्या वेळी चिकटलेले पडदे सोडविताना मूत्राशयास इजा होण्याची व रक्त अधिक जाण्याची शक्यता असते.

पन्नास किलो वजनाच्या गर्भवतीच्या शरीरात दिवस भरताना सुमारे साडेचार ते पाच लिटर रक्त असते. तरुण स्त्रीचे शरीर एक लिटरपर्यंत रक्त जाऊनही रक्तदाब टिकवून धरते. मात्र नाडी जलद होते. त्यामुळे रक्तदाब ठीक आहे म्हणून निश्चिंत राहणे घातक ठरते. नाडीचा आकडा रक्तदाबाच्या वरच्या आकड्याजवळ पोचला किंवा त्यापुढे गेला, की माता संकटात आहे असे समजावे.

जुन्या व्रणाचा इतिहास

गर्भाशयावरील छेद व्यवस्थित शिवण्याची पद्धत जर्मनीतील मॅक्स झेंगर यांनी १८८२ साली मांडली. तोपर्यंत ही शस्त्रक्रिया म्हणजे मातेच्या दृष्टीने बहुधा मृत्यूच होता. त्या काळी छेद गर्भाशयाच्या वरच्या जाड भागावर उभा घेतला जाई. असा व्रण पुढील गर्भारपणात फाटण्याचा संभव मोठा असे. १९१६ साली अमेरिकेतील एडविन क्रेगिन यांनी एकदा सिझेरियन झाले की पुढेही सिझेरियनच, असा इशारा दिला, तो या पार्श्वभूमीवर. पुढे १९२० च्या दशकात ग्लासगो येथील मन्रो कर यांनी गर्भाशयाच्या खालच्या पातळ भागावर आडवा छेद घेण्याची पद्धत रूढ केली. हा भाग प्रसूतीच्या वेळी फारसा आकुंचन पावत नाही. त्यामुळे तेथील व्रण अधिक भरवशाचा असतो. एक आडवा व्रण असलेल्या मातेने नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न केला, तर व्रण फाटण्याचे प्रमाण साधारणपणे दोनशेत एक असते. उभ्या छेदाच्या बाबतीत ते कितीतरी पटींनी अधिक आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पोटाच्या कातडीवरील व्रणावरून गर्भाशयावरील छेदाची दिशा कळत नाही. कातडीवर आडवी रेघ असूनही आत उभा छेद असू शकतो. ही माहिती फक्त पहिल्या शस्त्रक्रियेच्या कागदावर असते. छेद कोणता होता, तो वाढवावा लागला होता काय, शस्त्रक्रिया कोणत्या कारणाने करावी लागली, त्या वेळी रक्त द्यावे लागले काय आणि त्यास किती महिने लोटले, या पाच गोष्टी डॉक्टरांना समजणे अगत्याचे असते. दोन प्रसूतींमधील अंतर दीड वर्षाहून कमी असल्यास व्रण फाटण्याचा धोका वाढतो. म्हणून पहिल्या बाळंतपणाचा कागद हा घरातील सात-बाराच्या उताऱ्याइतकाच जपून ठेवण्याजोगा दस्तऐवज आहे.

वारेची जागा

जुळ्यांची वार सामाईक आहे की प्रत्येकाची स्वतंत्र, हे पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीत सर्वांत स्पष्ट दिसते. पुढे ते सांगणे कठीण होत जाते. वार सामाईक असल्यास एका बाळाचे रक्त दुसऱ्याकडे वाहण्याचा धोका असतो. अशा वेळी सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरवड्यास सोनोग्राफी करणे इष्ट ठरते.

मातेच्या रक्तस्रावाच्या दृष्टीने पाचव्या महिन्यातील सोनोग्राफी निर्णायक होय. वार गर्भाशयाच्या तोंडाशी, म्हणजे खाली व जुन्या व्रणावर आहे काय, हे त्या वेळी पाहावयाचे असते आणि बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा तपासावयाचे असते. अमेरिकेत तीस हजारांहून अधिक सिझेरियन शस्त्रक्रियांचा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. वार तोंडाशी असलेल्या ज्या स्त्रियांचे पूर्वी एक सिझेरियन झाले होते, त्यांच्यापैकी शेकडा ११ जणींत वार गर्भाशयाच्या भिंतीत रुतलेली आढळली. पूर्वी दोन सिझेरियन झालेल्यांत हे प्रमाण शेकडा ४० होते. रुतलेली वार ओढून काढण्याचा प्रयत्न केल्यास काही मिनिटांत लिटरभर रक्त जाते. अशी शंका आल्यास प्रसूती वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा तत्सम मोठ्या रुग्णालयातच व्हावयास हवी. तेथे पुरेसे रक्त, अनुभवी शल्यचिकित्सक आणि प्रसंगी गर्भाशय काढून टाकण्याची पूर्वतयारी असते.

नैसर्गिक प्रसूती की पुन्हा शस्त्रक्रिया?

या प्रश्नाचे सर्वांना लागू पडेल असे एकच उत्तर नाही. पहिल्या बाळाचे डोके खाली असताना जुळ्यांची प्रसूती नैसर्गिक मार्गाने व्हावी की शस्त्रक्रियेने, याचा २५ देशांतील २,८०४ स्त्रियांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. नियोजित शस्त्रक्रियेने बाळांचे मृत्यू वा गंभीर इजा कमी होतात, असे त्यात आढळले नाही. पूर्वीचा एकच आडवा व्रण, पहिल्या बाळाचे डोके खाली, वार योग्य जागी आणि अन्य अडचण नाही, अशा मातेला नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करता येतो, असे आज मानले जाते. पूर्वी एखादी नैसर्गिक प्रसूती झालेली असेल तर यशाची आशा अधिक असते.

परंतु या प्रयत्नाला काही कडक अटी आहेत. कळा सुरू झाल्यापासून बाळांच्या ठोक्यांवर सतत लक्ष हवे. कारण व्रण उसवू लागल्याची पहिली खूण बहुधा ठोक्यांतील बिघाड हीच असते. दोन कळांच्या मधल्या काळातही न थांबणारी वेदना, अंगावरून रक्त जाणे, लघवीत रक्त दिसणे किंवा कळा एकाएकी बंद पडणे या पुढच्या खुणा होत. शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि रक्त ही सर्व त्याच इमारतीत व त्याच वेळी उपलब्ध असली पाहिजेत. व्रण असलेल्या गर्भाशयाला कळा आणण्यासाठी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या देणे धोक्याचे असून ते टाळलेच पाहिजे. पहिले बाळ आडवे वा पायाळू असल्यास, पूर्वीचा छेद उभा असल्यास, वार खाली असल्यास किंवा दोन्ही बाळे एकाच गर्भजलाच्या पिशवीत असल्यास नियोजित सिझेरियन हाच मार्ग उरतो.

जेथे वरील अटी पुऱ्या होत नाहीत, तेथे नियोजित शस्त्रक्रिया अधिक सुरक्षित असते. सर्वांत अधिक हानी होते ती तासन्‌तास कळा सोसल्यानंतर, रात्री-अपरात्री, रक्ताची सोय नसताना घाईने कराव्या लागणाऱ्या शस्त्रक्रियेत. म्हणूनच मार्ग कोणता, या प्रश्नाइतकाच ठिकाण कोणते, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे.

तारीख ठरली म्हणजे नियोजन झाले, असे नव्हे

अन्य गुंतागुंत नसल्यास स्वतंत्र वार असलेल्या जुळ्यांची प्रसूती साधारणपणे ३७ ते ३८ आठवडे पूर्ण होताना, सामाईक वार असलेल्यांची ३६ व्या आठवड्याच्या सुमारास आणि एकाच पिशवीतील जुळ्यांची ३२ ते ३४ आठवड्यांदरम्यान करण्याची पद्धत आहे. परंतु निम्म्याहून अधिक जुळी ३७ आठवडे पूर्ण होण्याआधीच जन्मास येतात. सदतिसाव्या आठवड्यातील तारीख लिहून मिळाली म्हणून कुटुंब निर्धास्त राहते आणि कळा पस्तिसाव्या आठवड्यात मध्यरात्री सुरू होतात. अशा वेळी कोणत्या रुग्णालयात जावयाचे, वाहन कोणते, सोबत कोण, रक्त कोठून, यांची उत्तरे शोधण्यात जो वेळ जातो, तोच मातेच्या जिवावर बेततो.

म्हणून ही सर्व उत्तरे तिसाव्या आठवड्यापर्यंत, म्हणजे सातवा महिना सरण्याच्या सुमारास, तयार असावीत व माता आणि बाल संरक्षण कार्डावर लिहिलेली असावीत. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेस तज्ज्ञांकडून तपासणी केली जाते. जुना व्रण आणि जुळे अशी नोंद असलेल्या मातेला या तपासणीस नेणे हे आशा कार्यकर्ती व परिचारिका यांचे अग्रक्रमाचे काम होय. कळा अकाली सुरू झाल्यास बाळांच्या फुप्फुसांसाठी मातेला द्यावयाची इंजेक्शनेही वेळीच रुग्णालयात पोचल्यासच उपयोगी पडतात.

रक्ताची सिद्धता

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५२.२ टक्के गर्भवती स्त्रियांत रक्तक्षय आढळला. एका निरोगी मातेला सोसवेल एवढा रक्तस्राव ७ ग्रॅम हिमोग्लोबिन असलेल्या मातेला सोसवत नाही. जुळ्यांच्या गर्भारपणात लोहाची गरज मुळातच अधिक असते. तेव्हा प्रसूतीपर्यंत हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या वर नेणे हा रक्तस्रावाविरुद्धचा पहिला उपाय आहे. चौथ्या महिन्यापासून लोह व फॉलिक अॅसिडची गोळी नियमाने घ्यावी. गोळी चहाबरोबर न घेता लिंबू, आवळा यांसारख्या आंबट पदार्थांसोबत घ्यावी. गोळ्यांनी गुण येत नसेल किंवा दिवस थोडे उरले असतील, तर शिरेतून लोह देण्याची सोय रुग्णालयांत आहे. आठव्या महिन्यातील तपासणीत हिमोग्लोबिन पुन्हा मोजणे चुकवू नये.

दुसरा उपाय म्हणजे मातेचा रक्तगट आधी तपासून, तिच्या रक्ताशी जुळणारे रक्त प्रसूतीच्या वेळी राखून ठेवणे. ऱ्हीसस निगेटिव्ह गटाचे रक्त सहज मिळत नाही. अशा मातेसाठी त्याच गटाचे दोन-तीन दाते आधीच शोधून ठेवावेत. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून शासकीय रुग्णालयांत प्रसूती, सिझेरियन, औषधे, आहार व रक्त विनामूल्य आहे. घरापासून रुग्णालयापर्यंत, तेथून वरच्या रुग्णालयापर्यंत आणि परत घरी नेण्याची वाहनसेवाही विनामूल्य आहे. खर्चाच्या भीतीने निर्णय लांबणीवर टाकण्याचे कारण नाही.

प्रसूतीच्या वेळी

पहिले बाळ जन्मल्यावर दुसरे बाळ कसे आहे, हे हाताने व सोनोग्राफीने तत्काळ पाहावे लागते. गर्भाशय आवळणारे ऑक्सिटोसिनचे १० युनिटांचे इंजेक्शन दुसरे बाळ जन्मल्यानंतरच द्यावयाचे असते. ते पहिल्या बाळानंतर लगेच दिल्यास आत असलेले दुसरे बाळ गुदमरते. जुळ्यांच्या गर्भारपणात रक्तदाब वाढण्याचे प्रमाण अधिक असल्यामुळे, मेथर्जिनचे इंजेक्शन देण्यापूर्वी रक्तदाब पाहणे आवश्यक ठरते. तो वाढलेला असल्यास ते वर्ज्य होय.

गेलेले रक्त डोळ्यांच्या अंदाजाने मोजणे हा जुना दोष आहे. कपड्यांत व बादलीत गेलेले रक्त नेहमीच कमी भासते. महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या बेळगाव जिल्ह्यात परिचारिकांच्या साहाय्याने १,६२० स्त्रियांचा एक अभ्यास झाला. बाळंतिणीखाली मोजमापाच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची पिशवी अंथरून त्यात रक्त मोजण्यात आले. प्रसूतीनंतर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्याने अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आल्याचे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत दिसून आले. कळा आणण्यासाठी व्रण असलेल्या मातेला वर्ज्य असलेले हे औषध प्रसूतीनंतर मात्र उपयुक्त ठरते, हा भेद ध्यानात ठेवावा.

२०२३ साली केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानिया या देशांतील ८० रुग्णालयांच्या अभ्यासाने याच मार्गावर आणखी एक पाऊल टाकले. तो नैसर्गिक मार्गाने प्रसूत झालेल्या स्त्रियांचा होता. रक्त पिशवीत मोजावयाचे आणि प्रमाण वाढताच पोटावरून गर्भाशय चोळणे, आकुंचनाची औषधे, ट्रॅनेक्झामिक अॅसिड, सलाइन व रक्तस्रावाच्या कारणाची तपासणी हे सर्व उपाय एकापाठोपाठ एक न करता एकदमच सुरू करावयाचे, अशी ती पद्धत होती. तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावे लागणे व मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण तीमुळे ६० टक्क्यांनी घटले. ट्रॅनेक्झामिक अॅसिड तीन तासांच्या आत दिल्यास रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळजवळ एक-तृतीयांशाने कमी होतात, हे २१ देशांतील वीस हजार स्त्रियांच्या २०१७ सालच्या अभ्यासाने दाखविले होते. औषधांनी रक्त न थांबल्यास गर्भाशयात फुगा ठेवणे, गर्भाशयाला आवळणारे टाके घालणे आणि शेवटी गर्भाशय काढणे हे पुढचे उपाय होत. शेवटचा निर्णय कठीण असला तरी तो उशिरा घेण्यापेक्षा वेळेवर घेतल्याने प्राण वाचतात.

प्रसूतीनंतरचे पहिले दोन तास मातेजवळून कोणी हलू नये. नाडी, रक्तदाब, गर्भाशयाचा कठीणपणा आणि अंगावरून जाणारे रक्त दर पंधरा मिनिटांनी पाहावे. घरी गेल्यावरही ताप, दुर्गंधी किंवा एकाएकी वाढलेला रक्तस्राव दिसल्यास त्वरित रुग्णालय गाठावे.

कुटुंबाचे कर्तव्य

बाळंतपणासाठी माहेरी जाण्याची आपली प्रथा जिव्हाळ्याची आहे. परंतु जुळ्यांच्या मातेने माहेरचे गाव निवडताना तेथून शस्त्रक्रिया व रक्त यांची सोय असलेले रुग्णालय किती दूर आहे, हे आधी पाहिले पाहिजे. पहिल्या शस्त्रक्रियेचे कागद सासरच्या कपाटात आणि सून माहेरी, असे पुष्कळदा घडते. ते कागद तिच्यासोबतच जावयास हवेत. ऊसतोडीसाठी बीड, अहिल्यानगर यांसारख्या जिल्ह्यांतून कारखान्यांच्या परिसरात जाणाऱ्या कुटुंबांनी तर कार्ड व कागद बरोबर ठेवावेत आणि पोचताच जवळच्या आरोग्य केंद्रात नाव नोंदवावे. दुर्गम भागातील मातेने दिवस भरण्याची वाट न पाहता बत्तिसाव्या आठवड्यानंतर मोठ्या रुग्णालयाजवळ नातेवाइकांकडे राहण्याची व्यवस्था करावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात जुळ्यांची व्रणासह प्रसूती करण्याचे साहस कोणी करू नये. कळा सुरू झाल्या, पाणी गेले किंवा रक्ताचा थेंबही दिसला तरी १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून थेट ठरलेले रुग्णालय गाठावे.

रुग्णवाहिका बोलावण्याचा निर्णय पतीच्या किंवा वडीलधाऱ्यांच्या परतण्यावर अवलंबून ठेवणे हे आजही अनेक घरांत चालते. घरात त्या वेळी जो कोणी असेल त्याला तो अधिकार आहे, असे कुटुंबाने आधीच ठरवून ठेवावे.

रक्तस्राव थांबविण्याची साधने आज तालुक्याच्या ठिकाणापर्यंत पोचत आहेत. ती मातेच्या उपयोगी पडावयाची, तर माता वेळेत त्यांच्याजवळ असली पाहिजे. जुना कागद, वारेची जागा, हिमोग्लोबिनचा आकडा, राखून ठेवलेले रक्त आणि ठरलेले रुग्णालय या पाच गोष्टी सातव्या महिन्यातच निश्चित झाल्या, तर दोन्ही बाळांसह माता सुखरूप घरी परतण्याची शक्यता कितीतरी वाढेल.